रिसर्चमध्ये वाचलेलं समोरच्या क्लायंटसाठी कसं वापरायचं? नवीन थेरपिस्ट आणि समुपदेशकांसाठी

माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षातली केस आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिशीच्या आतला मुलगा, ओसीडी, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो ते. दिवसाचे चार-साडेचार तास हात धुण्यात आणि दाराची कडी पुसण्यात जायचे, बोटांची कातडी पार सोललेली. त्याला मी सोळा सेशन रिलॅक्सेशन शिकवलं. श्वासाचे व्यायाम, एकेक स्नायू ताणून सैल सोडायचा, डोळे मिटून शांत जागा आठवायची, सगळं मन लावून. तो वेळेवर यायचा, जाताना चेहरा जरा कमी उतरलेला असायचा, "मॅडम इथे आलं की बरं वाटतं" म्हणायचा, आणि मला वाटायचं चाललंय नीट.

मग सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे सीनियरसोबत आपल्या केसची चर्चा करतो तिथे, ही केस मांडली तर माझ्या सीनियर ताईंनी एकच विचारलं, याला एक्सपोजर का नाही दिलं? एक्सपोजर म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नंतरचं धुणं-पुसणं टाळायचं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी एक पेपर वाचायला दिला, २००२ सालचा ट्रायल, २१८ लोक, सगळ्यांना ओसीडी, तीन गट. एका गटाला थेरपिस्टने एक्सपोजर करून घेतलं, दुसऱ्याने तेच कॉम्प्युटरच्या मदतीने स्वतः केलं, आणि तिसरा गट होता रिलॅक्सेशनचा. ओसीडी किती आहे ते मोजणारा वाय-बॉक्स नावाचा स्केल असतो, ० ते ४०. दहा आठवड्यांनी थेरपिस्टवाल्या गटाचा स्कोअर सरासरी ८ ने उतरला, कॉम्प्युटरवाल्यांचा साडेपाचच्या आसपास, आणि रिलॅक्सेशनवाल्यांचा २ सुद्धा नाही. म्हणजे मी त्या मुलाला सोळा आठवडे जे देत होते ते त्या अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेलं होतं, खरा उपचार किती काम करतो हे कळावं म्हणून.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वाईट वाटलं ते न वाचल्याचं कमी आणि त्याच्या चार महिन्यांचं जास्त. तेव्हापासून मी रिसर्च वापरायची एक पद्धत बसवली, ती इथे पायरी पायरीने लिहितेय. तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असा, समुपदेशक असा, सोशल वर्कर असा किंवा सायकियाट्रीत नुकते आलेले डॉक्टर, पद्धत तीच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "एव्हिडन्स बेस्ड", पुराव्यावर आधारलेलं काम, म्हणजे थेरपीचं मॅन्युअल उघडून त्यात लिहिलंय तसं करत जायचं, असं बरेच जण समजतात आणि मग एकतर घाबरतात नाहीतर चिडतात. १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याची व्याख्या मांडली तेव्हाच स्पष्ट म्हटलं होतं की बाहेरचा उत्तम पुरावा आणि डॉक्टरचा स्वतःचा अनुभव दोन्ही लागतात, एकट्याने भागत नाही. पेशंटला काय हवंय हा तिसरा भाग. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २००५ मध्ये हेच तीन धरले. तेव्हा कुणी म्हणालं की रिसर्च वापरणं म्हणजे माणसाकडे दुर्लक्ष करणं, तर त्यांना सांगा की व्याख्येतच माणूस आहे.

पायरी १: आधी प्रश्न, मग पेपर

नवीन लोक उलटं करतात, आधी काहीतरी इंटरेस्टिंग वाचतात आणि मग ते कुणावर लावता येईल ते शोधतात. तसं करू नका. समोर बसलेल्या एका माणसापासून सुरुवात करा आणि एक वाक्य लिहा, त्यात चार गोष्टी हव्यात: कोण, काय देणार, कशाच्या तुलनेत, आणि कशात फरक पडायला हवा.

"ओसीडीसाठी काय चांगलं?" हा प्रश्न नाही, हा विषय झाला. "मध्यम ते तीव्र ओसीडी असलेल्या, आत्ता कुठलंही औषध चालू नसलेल्या प्रौढ माणसाला एक्सपोजर दिलं तर रिलॅक्सेशनपेक्षा तीन महिन्यांत धुण्याचा वेळ जास्त कमी होईल का?" हा झाला प्रश्न. असा लिहिला की शोधायला शब्द मिळतात, आणि दुसरं म्हणजे आपल्याला त्या माणसाबद्दल काय माहिती नाहीये ते पण उघडं पडतं. मी हा प्रश्न लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की त्याने आधी कधी औषध घेतलं होतं का हे मी विचारलंच नव्हतं.

चौथा भाग, कशात फरक पडायला हवा, हा क्लायंटला विचारूनच लिहा. आपल्याला स्कोअर कमी व्हायला हवा असतो, त्याला सकाळी वेळेत घराबाहेर पडायचं असतं.

पायरी २: वरून खाली शोधायचं

एकेक सुटा अभ्यास शोधत बसलात तर दिवस जाईल आणि शेवटी जो आधी सापडला तोच खरा वाटेल. त्यापेक्षा आधी गाइडलाइन बघा. ब्रिटनमधली नाइस नावाची संस्था १९९९ पासून हे काम करतेय, त्यांच्या गाइडलाइन फुकट वाचता येतात, नैराश्याची २०२२ ला पूर्ण नव्याने आली, ओसीडीची २००५ ची आहे. गाइडलाइनमध्ये उत्तर नसेल किंवा ती फार जुनी असेल तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू बघा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरवलेल्या पद्धतीने गोळा करून तपासलेले असतात. कॉक्रेन नावाची संस्था १९९३ पासून असे रिव्ह्यू काढतेय, आणि प्रत्येकाला साध्या भाषेतला सारांश असतो, लाज न बाळगता आधी तोच वाचा. एवढं करून मिळालं नाही तर मग पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, सुटे ट्रायल.

याला वीस मिनिटं ठेवा, घड्याळ लावून. वीस मिनिटांत गाइडलाइनचा मुद्दा आणि एखादा रिव्ह्यू हाती लागतो आणि पहिल्या निर्णयाला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पायरी ३: वाचताना कुठे थांबायचं

स्टॅटिस्टिक्स येत नाही म्हणून पेपर वाचायचे नाहीत असं कित्येक जण करतात, मी पण केलंय. खरं सांगायचं तर थेरपिस्टला निर्णयासाठी जे लागतं त्यातलं बरंचसं गणिताशिवाय कळतं, फक्त कुठे बघायचं ते माहिती हवं.

सगळ्यात आधी बघा तुलना कशाशी केलीय. माझ्या मते पेपरमधली ही एक ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक ओलांडून पुढे जातात. वेटिंग लिस्टशी तुलना असेल, म्हणजे दुसऱ्या गटाला नुसतं "थांबा, नंतर देऊ" सांगितलं असेल, तर जवळजवळ कुठलीही थेरपी छान दिसते. थांबलेल्या माणसाला कुणी भेटत नाही, आशा नसते, आणि आपला नंबर येईपर्यंत तो स्वतःहून काही करायलाही जात नाही. तुलना दुसऱ्या खऱ्या उपचाराशी असेल तर फरक लहान दिसतो पण त्या लहान फरकाला जास्त किंमत आहे. जाताजाता हेही बघा की अभ्यास करणारे त्या थेरपीचेच जनक किंवा प्रशिक्षक आहेत का. असले तर अभ्यास खोटा ठरत नाही, पण ज्याची ज्या पद्धतीवर श्रद्धा त्याच्या हातून तिचे निकाल जरा जास्त चांगले येतात असं वारंवार दिसलंय.

दुसरं, फरक किती हे माणसांत मोजा. एक काल्पनिक उदाहरण घ्या. १०० जणांना औषध दिलं, ५० जणांना फरक पडला. दुसऱ्या १०० जणांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली, तिथे ३५ जणांना फरक पडला. बातमीत येणार "४३ टक्के जास्त प्रभावी". खरं चित्र असं की १०० मागे १५ जण जास्त, म्हणजे साधारण सात जणांना औषध द्यावं तेव्हा त्यातल्या एकाला औषधामुळे फायदा, बाकीच्यांत काही तसेही सुधारले असते आणि काही सुधारलेच नसते. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण क्लायंटला सांगायचं ते दुसरं. आणि "स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट" वाचून हुरळून जाऊ नका, त्याचा अर्थ एवढाच की फरक नुसत्या योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी आहे, तो फरक माणसाला जाणवेल एवढा आहे का ते वेगळंच बघावं लागतं.

तिसरं, किती दिवस. नैराश्याच्या औषधांवरचा २०१८ सालचा मोठा रिव्ह्यू घ्या, ५२२ ट्रायल, १,१६,४७७ लोक, २१ औषधं. सगळी औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या तशाच गोळीपेक्षा, सरस ठरली, फरक सरासरीने माफक. पण हे सगळं मुख्यतः आठ आठवड्यांचं चित्र आहे. तुमच्यासमोर बसलेली बाई दोन वर्षांपासून गोळी घेतेय आणि विचारतेय बंद करू का, तर तिच्या प्रश्नाचं उत्तर या रिव्ह्यूत नाही, कितीही मोठा असला तरी.

चौथं, सोडून किती गेले आणि कुणाला त्रास झाला. १०० मधले ३० जण मधेच गळाले आणि उरलेले ७० सुधारले तर ते ३० कुठे गेले हा प्रश्न पडायलाच हवा.

आणि जे छापूनच आलं नाही त्याचं काय? २००८ मध्ये एका गटाने अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदवलेले नैराश्याच्या १२ औषधांचे ७४ अभ्यास काढले आणि त्यातले कुठले प्रसिद्ध झाले ते शोधलं. चांगले निकाल आलेले ३८ होते, त्यातले ३७ छापून आले. बाकी ३६ मधले २२ छापलेच गेले नाहीत आणि ११ चांगला निकाल आल्यासारखे लिहून छापले गेले. म्हणजे जर्नल वाचणाऱ्याला वाटावं ९४ टक्के अभ्यास यशस्वी, प्रत्यक्षात ५१ टक्के. म्हणून एका पेपरवर उडी मारायची नाही आणि म्हणूनच रिव्ह्यू करणारे न छापलेल्या अभ्यासांच्या मागे लागतात. आणि हो, हे फक्त औषधांचं दुखणं नाहीये, थेरपीचे फसलेले अभ्यासही कपाटात राहतात.

मधेच एक इशारा: "पटतंय" हा पुरावा नाही

मोठा अपघात किंवा आपत्ती झाली की लगेच लोकांना बसवून जे घडलं ते सगळं बोलायला लावायचं, एकाच सेशनमध्ये, याला डिब्रीफिंग म्हणतात. ऐकायला किती बरोबर वाटतं ना? मनात साठवलं तर सडेल, बोललं तर मोकळं होईल. अनेक वर्षं हे जगभर केलं गेलं. मग तपासलं गेलं. १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवरचा एक ट्रायल आला, तेरा महिन्यांनी ज्यांना डिब्रीफिंग मिळालं होतं त्यांच्यात पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) २६ टक्के, ज्यांना मिळालं नव्हतं त्यांच्यात ९ टक्के. तो एक लहान ट्रायल होता हे खरं, पण नंतरच्या कॉक्रेन रिव्ह्यूतही एका सेशनच्या डिब्रीफिंगने पीटीएसडी टळत असल्याचा पुरावा सापडला नाही आणि सगळ्यांना सक्तीने देणं थांबवा असंच त्यात सांगितलं गेलं. करणारे सगळे चांगल्या मनाचे होते. बोलून मोकळं झाल्यावर लोकांनी आभारही मानले असतील. माझा रिलॅक्सेशनवाला मुलगाही मानायचाच.

पायरी ४: हा पुरावा माझ्या क्लायंटला लागू होतो का

"माझा क्लायंट वेगळा आहे" हे वाक्य आपण सगळे बोलतो, आणि ते नेहमीच खरं असतं कारण प्रत्येक जण वेगळा असतोच. विचारायचं हे की तो ज्या बाबतीत वेगळा आहे त्यामुळे उपचार चालण्याची पद्धत बदलते का. अभ्यासातले लोक पंचवीस ते चाळीसचे आणि तुमचा क्लायंट बावन्न, यामुळे एक्सपोजर चालणार नाही असं मानायला काही कारण नाही. पण त्याला सोबत दारूचं व्यसन आहे, किंवा सध्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आहेत, किंवा बौद्धिक अक्षमता आहे, आणि अभ्यासातून असे सगळे वगळलेत, तर मात्र थांबून विचार करा, सीनियरशी बोला, क्रम बदला.

मी कागदावर दोन रकाने करते. एकात उपचाराचा गाभा, जो काढला तर तो उपचारच राहत नाही. दुसऱ्यात वरचं आवरण, जे माणसानुसार बदलायचंच असतं. एक्सपोजरचा गाभा म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नंतरचं धुणं-पुसणं टाळायचं. कुठल्या भाषेत समजवायचं, घरच्यांना घ्यायचं का, कुठल्या वस्तूपासून सुरू करायचं, आठवड्यातून किती वेळा भेटायचं, हे आवरण. नवीन थेरपिस्ट नेमकं उलट करतात, भाषा मॅन्युअलची ठेवतात आणि क्लायंट घाबरला म्हणून एक्सपोजर काढून टाकतात. उरतं काय मग?

आवरण किती छान बदलता येतं याचं माझं आवडतं उदाहरण झिम्बाब्वेतलं फ्रेंडशिप बेंच. तिथे दवाखान्याच्या आवारात एका बाकावर बसून प्रशिक्षण दिलेल्या, वयाने मोठ्या, डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्या प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी देतात. नैराश्य हा शब्द लादण्यापेक्षा शोना भाषेतला कुफुंगिसिसा हा शब्द वापरतात, म्हणजे फार विचार करत बसणं. गाभा तोच, एक अडचण निवडायची, तिच्यावर काय करता येईल ते ठरवायचं, करून बघायचं, परत येऊन सांगायचं. डिक्सन चिबांडा आणि सहकाऱ्यांनी ५७३ लोकांवर याचा ट्रायल केला, २०१६ मध्ये छापून आला, सहा महिन्यांनी बेंचवाल्या गटाची लक्षणं तुलनेतल्या गटापेक्षा स्पष्ट कमी होती. भाषा, जागा, देणारा माणूस सगळं बदललं, पण बदलल्यावर परत तपासलं. हे परत तपासणं विसरू नका.

पायरी ५: क्लायंटला सांगायचं कसं

निर्णय त्याच्यासोबत घ्यायचाय तर पुरावा त्याच्या भाषेत सांगता आला पाहिजे. मी त्या मुलाला सतराव्या सेशनला काय म्हणाले ते जवळजवळ तसंच्या तसं लिहिते.

"आपण चार महिने जे करतोय त्याने तुम्हाला इथे बरं वाटतं, पण घरी हात धुणं कमी झालेलं नाही. मी नव्याने वाचलं, आणि मला हे आधी बघायला हवं होतं. तुमच्यासारखा त्रास असलेल्यांसाठी दोन गोष्टींचा चांगला अभ्यास झालाय. एक म्हणजे ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करून बघायचं आणि नंतर धुवायचं नाही. दुसरं औषध, त्यासाठी सायकियाट्रिस्टकडे जावं लागेल. दोन्हींनी सगळ्यांना फरक पडतो असं नाही, पण बऱ्याच जणांना पडतो. पहिलं सुरुवातीला जड जातं, हे आधीच सांगते."

तो म्हणाला, "म्हणजे मॅडम मला घाणीला हात लावायला लावणार?"

"हो. पण कुठून सुरू करायचं ते तुम्ही ठरवणार, आणि तुम्हाला जे सांगेन ते आधी मी तुमच्यासमोर करेन."

त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, औषध आत्ता नको, हे करून बघू. ठीक. पुराव्याच्या दृष्टीने दोन्ही दारं उघडी होती, कुठल्या दाराने जायचं ते त्याने निवडलं. आपल्याला हवा तो उपचार मिळाला की लोक मधेच सोडून जाण्याचं प्रमाण कमी होतं हेही अभ्यासांत दिसलंय, म्हणजे विचारणं हे सौजन्य तर आहेच पण उपचाराचा भागही आहे.

आणि तो माफीसारखा भाग बोलायला मला फार जड गेलं, पण तो बोलल्याशिवाय "आता दुसरं करूया" याला काही अर्थ उरला नसता.

पायरी ६: मोजा, आणि कधी बदलणार ते आधीच लिहून ठेवा

या सगळ्यातून एकच पायरी उचलायची असेल तर ही उचला. रिसर्च सरासरी सांगतो, समोरचा माणूस सरासरी नसतो, त्यामुळे पुराव्यावरून निवडलेला उपचार या माणसावर चालतोय का हे तपासायलाच लागतं, आणि ते आपल्याला नुसतं बघून कळत नाही. कळतं असं आपल्याला वाटतं. २००५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात थेरपिस्टना त्यांच्या ५५० क्लायंटबद्दल विचारलं की उपचार संपेपर्यंत कोण आणखी बिघडेल. त्यांनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि त्या तिघांतला एकच त्यात होता. २०१२ च्या दुसऱ्या एका पाहणीत १२९ थेरपिस्टना स्वतःला इतरांच्या तुलनेत मार्क द्यायला सांगितले तर एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही. ही वाईट माणसं नाहीत, आपणच आहोत. माणूस सेशनला येतो तेव्हा सगळ्यात वाईट काळात येतो, त्यानंतर काहीही न करता थोडं बरं वाटतंच, उपचार न मिळालेल्या नैराश्यातही साधारण निम्मे लोक वर्षभरात त्यातून बाहेर येतात असा एक अंदाज आहे, आणि ज्यांना बरं वाटत नाही ते यायचे बंद होतात. उरलेले बघून आपल्याला वाटतं आपली पद्धत चालते.

मोजायला फार काही लागत नाही. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, नऊ प्रश्न, ० ते २७, ५, १०, १५ आणि २० या पायऱ्या सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र अशा. पाच गुणांचा बदल झाला तर खरा बदल धरतात. चिंतेसाठी जीएडी-७, सात प्रश्न, ० ते २१. दोन्ही फुकट आहेत आणि तीन मिनिटांत भरून होतात. फक्त एक गोष्ट कधीच चुकवू नका, पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, फॉर्म हातात आला की बेरीज करायच्या आधी तो बघा आणि तिथे शून्य सोडून काहीही असेल तर त्याच भेटीत त्यावर बोला. फॉर्म फाइलमध्ये ठेवून नंतर बघणं धोक्याचं आहे.

आता लिहून ठेवण्याबद्दल. उपचार सुरू करतानाच फाइलमध्ये पाच ओळी लिहायच्या. त्या मुलाच्या फाइलमधल्या अशा होत्या:

निर्णय: एक्सपोजर, आठवड्याला दोनदा, घरी रोज सराव.
का: गाइडलाइनमध्ये पहिल्या फळीतला उपचार, क्लायंटची निवड हीच.
कशाने मोजणार: वाय-बॉक्स, सुरुवातीला २८. शिवाय रोज धुण्यात गेलेली मिनिटं, तो स्वतः लिहिणार.
काय झालं तर चालू ठेवणार: ८ सेशनला स्कोअर १८ किंवा खाली. (ओसीडीत ३५ टक्के घट झाली की प्रतिसाद मिळाला असं धरतात, त्यावरून काढलं.)
नाही झालं तर: सुपरव्हिजनमध्ये मांडणार, औषधाचा विषय परत काढणार.

हे आधी लिहायचं कारण नंतर आपण आपल्याला हवं ते कारण शोधतो. "अजून थोडा वेळ देऊ", "हा आठवडा त्याचा वाईट होता", "नातं छान जमलंय". नातं जमणं महत्त्वाचं आहेच, २९५ अभ्यासांच्या २०१८ च्या रिव्ह्यूत थेरपिस्ट-क्लायंट नात्याचा निकालाशी पक्का संबंध दिसलाय. पण माझं आणि त्याचं नातं सोळा आठवडे छानच होतं.

पायरी ७: फरक पडत नसेल तर लगेच पद्धत बदलू नका

आठव्या सेशनला त्याचा स्कोअर आला २३. अठराच्या खूप वर. नवीन माणसाला इथे दोन मोह होतात, एक म्हणजे हे माझ्या क्लायंटला चालत नाही म्हणून दुसरी थेरपी धरायची, दुसरा म्हणजे आकडा बाजूला ठेवून चालू ठेवायचं. त्याआधी क्रमाने बघा: निदान बरोबर आहे का, उपचार खरंच दिला गेलाय का आणि पुरेसा दिला गेलाय का, नात्यात काही अडलंय का, घरी-कामावर काही उपचाराच्या विरुद्ध चाललंय का. यातलं दुसरं आणि चौथं सगळ्यात जास्त वेळा सापडतं.

आमच्याकडे चौथं सापडलं. त्याने लिहिलेली मिनिटं कमी झाली होती, पण स्कोअर तेवढा उतरला नव्हता, हे जुळेना म्हणून मी एका सकाळचा क्रम मिनिटामिनिटाने सांगायला लावला. तेव्हा कळलं की दाराची कडी आता तो पुसत नव्हता, त्याच्या आई पुसत होत्या. तो उठायच्या आधी, मुलाला त्रास नको म्हणून. त्यामुळे तो ज्या कडीला हात लावून एक्सपोजर करत होता ती त्याच्या दृष्टीने आधीच स्वच्छ होती. त्याच्या परवानगीने आईंना बोलावलं, त्यांना समजावलं, त्या रडल्या, म्हणाल्या मला वाटलं मी मदत करतेय.

औषधाबद्दल एक. तुम्ही डॉक्टर नसाल तर औषध सुरू, बंद, कमी-जास्त याबद्दल क्लायंटला सल्ला देऊ नका, सायकियाट्रिस्टशी बोला. पण तुम्हाला पुरावा माहिती असणं उपयोगी पडतं. ओसीडीत एसएसआरआय गटातल्या (नैराश्य आणि ओसीडी दोन्हींत देतात त्या) औषधांचा डोस नैराश्यापेक्षा सहसा जास्त लागतो आणि परिणाम नीट कळायला दहा-बारा आठवडे जातात, हे माहिती असलं की तीन आठवड्यांनी "औषध लागू पडत नाहीये" म्हणणाऱ्या क्लायंटला तुम्ही धीर देऊन परत डॉक्टरांकडे पाठवू शकता.

पुरावाच नसेल तर?

असं होतं, खूपदा होतं. तेव्हा जवळचा पुरावा घ्या (त्याच लक्षणांवरचा, दुसऱ्या वयोगटातला), तो उपचार ज्या कारणाने चालतो ते कारण इथे आहे का बघा, क्लायंटला मोकळेपणाने सांगा की यावर थेट अभ्यास कमी आहे, आणि मोजणं दुप्पट काटेकोर करा. जेवढा पुरावा कमी तेवढी फाइलमधली चौथी ओळ, म्हणजे कधीपर्यंत फरक दिसायला हवा ती, लवकरची हवी.

शिकायचं कसं

दोन दिवसांचं वर्कशॉप करून सर्टिफिकेट घेतलं की ती थेरपी आली असं नसतं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगवर, म्हणजे माणसाची स्वतःची बदलायची इच्छा बोलण्यातून वाढवायच्या पद्धतीवर, २००४ मध्ये १४० व्यावसायिकांचा ट्रायल झाला, काहींना नुसतं वर्कशॉप, काहींना त्यानंतर त्यांच्या सेशनच्या रेकॉर्डिंगवर फीडबॅक किंवा कोचिंग. नुसतं वर्कशॉप केलेल्यांचं कौशल्य हळूहळू ओसरलं, फीडबॅक किंवा कोचिंग मिळालेल्यांचं टिकलं. तेव्हा पैसे थोडे असतील तर चार वर्कशॉपऐवजी एक करा आणि उरलेले सुपरव्हिजनवर घाला. आम्ही पाच जणी महिन्यातून एकदा दीड तास भेटतो, एकीने चालू केसचा प्रश्न आणायचा, दुसरीने त्यावर एक रिव्ह्यू वाचून यायचा, आणि मागच्या महिन्याच्या केसचा स्कोअर सांगायचा. स्कोअर न आणता येणारीला बोलायला मिळत नाही. हा नियम मीच घातलाय.

सुरुवात करायला सगळ्या केस घेऊ नका. जी केस आठ-दहा सेशन झाली तरी आहे तिथेच आहे आणि जिच्याबद्दल सुपरव्हिजनमध्ये बोलायचं तुम्ही टाळताय, ती एक घ्या.

त्या मुलाच्या आईंनी कडी पुसणं सोडल्यावर दोन आठवडे घरात फार ताण होता आणि धुण्याची मिनिटं परत वाढली. तेव्हा तो स्वतःहून म्हणाला की आता सायकियाट्रिस्टकडे जाऊ. औषध आणि एक्सपोजर दोन्ही चालू राहिलं, पाच महिन्यांनी स्कोअर १४ आला, त्यातलं किती कशामुळे हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. सकाळी तो वीस मिनिटांत घराबाहेर पडतो. जेवायच्या आधी अजून तीनदा हात धुतो, पुढच्या महिन्याच्या फॉर्मवर आम्ही तेच लिहिलंय.